वारा सुटला की कोणाची छत्री

वैशाखात दुपारी चारच्या सुमाराला झाडांची पानं हलायची एकदम थांबली, की माझं लक्ष आधी आभाळाकडे जात नाही, दोरीकडे जातं. आता घरात दोरी म्हणायला कपडे वाळत घालायची एक नायलॉनची तेवढी आहे. तरी मी उठते, दोन्ही टोकांच्या गाठी चाचपते. सून म्हणते, "आई, बसा ना तुम्ही, उडून नाही जात काही." तिला काय सांगू? दोरी आपण बांधली आहे, आपणच पुन्हा पाहिली आहे, हे मनाला पटेपर्यंत मला चहा गोड लागत नाही.

गेल्या आठवड्यात बसस्टँडसमोर एक गंमत झाली. तिथे रसवंतीवाल्याची लाल-पिवळी मोठी छत्री आहे. तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून दांडा रोवलेला, आणि वाऱ्याला आधार म्हणून वरून एक दोरी खाली आणून आपल्या मोटरसायकलला बांधलेली. बर्फ संपला तसा तो मोटरसायकलवर बसला आणि निघाला. दोरी विसरला. छत्री डब्यासकट आडवी झाली, दोन गिऱ्हाइकांचे गिलास सांडले, सगळा स्टँड हसला. मीही हसले. मग माझं हसू जिरलं, कारण ही चूक मला फार जुनी ओळखीची आहे. छत्री ज्याच्या भरवशावर बांधायची, तेच उठून निघून जातं. आमच्या वेळी मोटरसायकल नव्हती, मीठ होतं.

ही वर्षं सन पन्नास-पंचावन्नच्या आसपासची. तेव्हा जिल्हा एकच, चांदा. गडचिरोली त्याच्या पोटात. आमचं खेडं सावली गावाच्या जवळ. पावसाळ्यात धानाची शेती, आणि धान घरात आलं की आमचे हे मिठाची बैलबंडी घेऊन बाजार करायचे. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरी बसून भिंतींशी काय बोलायचं, म्हणून मीही बंडीत बसून जायची. बाजारात लोक यांना गोविंदाभाऊ म्हणत. मी नाव घेत नसे. आजही लिहिताना हात अडखळला, म्हणून एकदाच लिहून टाकलं.

आमचा सगळ्यात मोठा बाजार वैनगंगेपलीकडचा, कुसुमटोल्याचा. जंगल तिथून सुरू व्हायचं. उन्हाळ्यात नदी एका काठाला सरकून बसायची, आणि बंडी वाळूतून रखडत पलीकडे जायची. पावसाळा लागला की हीच नदी आणि तिच्यामागचे नाले मिळून चार महिने आतल्या गावांची वाट बंद करायचे. म्हणून वैशाख-ज्येष्ठात सारं जंगल मीठ घ्यायला बाहेर यायचं. डोक्यावर मोहफुलांच्या टोपल्या, फडक्यात चारोळी, भोपळ्याच्या तुंब्यात मध. ते आमच्यापुढे ठेवायचं आणि चार महिन्यांचं मीठ घ्यायचं. पळसाच्या पानांचे मोठाले पुडे बांधून ते मीठ बाळंतीण बाळाला नेते तसं जपून न्यायचे. चैतू नावाचा एक म्हातारा गोंड यायचा, तो पुडा बांधून झाला की हाताला चिकटलेले खडे चाटून टाकायचा आणि माझ्याकडे पाहून हसायचा. तो वास अजून नाकात आहे, मोहाचा आंबूस-गोड आणि त्यात ओलसर मिठाचा.

मीठ उन्हाला भीत नाही, पाण्याला भितं. आणि त्या दिवसांत पाणी वाऱ्याचा हात धरूनच यायचं. सकाळी कडक ऊन, दुपारनंतर पश्चिमेला तांबूस भिंत उभी राहायची, आणि अर्ध्या घटकेत धूळ, पाला, मग टपोरे थेंब. आमच्याकडे त्याला वावधान म्हणतात. म्हणून मीठवाल्याला छत्री लागायचीच, आणि ती वाऱ्यातही मिटता यायची नाही. बांबूच्या कामट्यांची, मांजरपाटाचं कापड जवसाच्या तेलात भिजवून ताणलेली, आठ-नऊ हात रुंद. मिटायला दोन माणसं आणि बराच वेळ लागे. वारा तेवढा थांबत नाही.

बाजाराची जमीन मुरमाची. उन्हानं अशी टणक व्हायची की लोखंडी सब्बल मारून मारून दांड्यापुरता एक हात खड्डा झाला तरी पुष्कळ. खुंट्या तर शिरायच्याच नाहीत. म्हणून आमच्यातले सगळे मीठवाले छत्रीच्या चार दोऱ्या चार मिठाच्या पोत्यांना बांधत. भरल्या पोत्याला वारा हलवू शकत नाही. सकाळी आमची छत्री पाहावी तर देवळासारखी पक्की. पण मीठ विकायलाच आणलेलं असतं. दुपारपर्यंत एकेक पोतं बसत जायचं, आणि धंदा जितका चांगला तितकी छत्री हलकी. वारा यायचा तो नेमका पोती रिकामी झाल्यावर. रिकाम्या पोत्यात माती भरावी म्हणाल, तर तेही चालत नसे. ज्या पोत्याला माती लागली त्यातलं मीठ मग कोणी घेत नाही. दर वर्षी सगळे मीठवाले हीच चूक करत आणि दर वर्षी म्हणत, पुढच्या खेपेला काहीतरी केलं पाहिजे.

आमच्या शेजारी गिरजाबाईचं दुकान असायचं. ती तिशीची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. नवरा बल्लारपूरकडे खाणीवर कामाला गेला तो परत आला नव्हता. आहे की नाही, तिलाही माहीत नव्हतं. सावलीला एकटी राहायची आणि मणी, फण्या, आरसे, सुया-दोरे विकायची. जंगलातल्या बायांना मण्यांची भारी हौस. पांढरे, लाल, पिवळे मणी ती स्वतः ओवायची, न बघता, बोलता बोलता. सुई तिच्या बोटांत पाण्यासारखी चालायची.

आणि तिची छत्री. आमची मळकट, तेलानं काळवंडलेली; तिची निळी, काठाला तांबडी पट्टी. आमची नऊ हात, तिची अकरा. वर शेंड्याला तिनं कापडात वीतभर भोक ठेवलेलं आणि त्यावर एक लहानसं टोपरं शिवलेलं, म्हणजे आत शिरलेला वारा वरून निघून जावा. ही युक्ती तिला कोणी शिकवलेली नव्हती, तिनं आपल्याच डोक्यानं काढलेली. छत्रीच्या कामट्यांना आतून मण्यांच्या माळा आणि आरसे लटकवलेले. त्यामुळे तिलाही छत्री मिटता यायची नाही. छत्री हेच तिचं दुकान. वारा नसला की त्या आरशांतून उन्हाचे कवडसे आमच्या मिठावर नाचायचे. मला ते पाहवत नसत. मी मुद्दाम पोतं सरकवून सावलीत घ्यायची.

खरं सांगते, मला तिच्या रंगाचा हेवा नव्हता, रूपाचा नव्हता. रूपानं मी उजवी होते, हे आमच्या गावात कोणालाही विचारावं. मला तिच्या धीराचा हेवा होता. तिच्या भोकाच्या छत्रीचा होता. ती एकटी बाजार करते, एकटी हसते, आणि तिला हसताना कोणाकडे बघावं लागत नाही, याचा होता. पण यातलं काहीही मी गिळून टाकलं असतं. एक गोष्ट गिळता येत नव्हती.

वारा सुटला की आमचे हे तिची छत्री धरायला धावायचे.

धावायचे म्हणजे अगदी धावायचे. एरवी हे शांत माणूस. बैल हाकताना आवाज चढत नसे, जेवताना दुसऱ्यांदा भात मागत नसत. मी हाक मारली तर तीन हाकांनी उठणार. पण पश्चिमेकडून तो तांबडा पडदा उठला, पहिली पाचोळ्याची भोवरी बाजारात शिरली, की मापातलं मीठ तसंच टाकून हे दोन ढांगांत पलीकडे. दोन्ही हातांनी तिच्या छत्रीचा दांडा कवटाळायचे, पाय रोवून, डोळे मिटून. तिकडून गिरजाबाई दोरी खेचून धरायची. आणि इकडे मी एकटी, आमच्या छत्रीखाली, मिठाच्या पोत्यावर बसून, धुळीत.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी काही बोलले नाही. दुसऱ्यांदा परतताना नदीच्या वाळूत बंडी रखडत असताना मी म्हटलं, "आपली छत्री उडाली असती तं?"

"कशी उडन? मिठाचं वजन हाय तिले."

"न तिच्या छत्रीले?"

"तिले काय वजन हाय, मण्यायचं?" हे हसले. "तीन दोऱ्या हाय. एक चिंचेच्या मुळीले, दोन दगडायले. बाई एकटी काय धरन?"

बोलणं बिनतोड होतं. त्यात दोष काढता येईना म्हणून मला अधिकच राग आला. मी म्हटलं, "मी बी एकटीच असतो तवा."

यावर यांनी काय केलं? बैलाच्या पाठीवरची गोमाशी हाकलली. तुम्हीच सांगा, बायको असं बोलल्यावर कोणी गोमाशी हाकलतं का?

त्या साऱ्या उन्हाळ्यात मी आभाळ वाचायला शिकले. दुसऱ्या बाया पावसासाठी बघत, मी यांच्यासाठी बघायची. वारा आला नाही तर तो बाजार चांगला गेला. आला तर घरी येईपर्यंत माझं तोंड फुगलेलं. वाऱ्याच्या दिवशी हे किती वेळ तिकडे उभे राहतात ते मी मनात मोजायची. तिच्या छत्रीखाली असताना यांच्या खांद्यावर एखादी मण्यांची माळ टेकलेली असायची, तीही मी पाहून ठेवायची. एकदा परत आले तेव्हा सदऱ्याला एक पिवळा मणी अडकलेला होता. मी तो काढून मिठात टाकला. मग गिऱ्हाइकाला मिठातून मणी जाईल म्हणून अर्धा तास तो शोधत बसले.

हेव्याचं हे असं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला हसू येतं. मला आता येतं. तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, आणि तो दाखवायला जागा नसायची, कारण गिरजाबाई माझ्याशी फार चांगली वागायची. शिदोरीतली आंबाडीची भाजी मला द्यायची. "कौसल्या, घे व बाई, तुह्या हातच्या भाकरीसंगं चांगली लागते," म्हणायची. ती वाईट वागली असती तर मला किती सोपं गेलं असतं. मी ती भाजी खायची, आणि चवीत खोट सापडते का बघायची. सापडायची नाही.

तो त्या वर्षीचा शेवटचा बाजार. त्यानंतर पाऊस धरणार आणि वाटा बंद होणार, म्हणून जंगलातून कधी नाही एवढी माणसं लोटलेली. आम्ही पहाटेच पोचलो. छत्री उभी केली, चार पोत्यांना चार दोऱ्या बांधल्या. मी मीठ मोकळं करायला बसले, आणि पाहते तर हे बंडीचा नाडा सोडून घेऊन गिरजाबाईकडे चाललेले. नाडा म्हणजे भार आवळून बांधायचा जाड दोर, आमच्याकडे तो एकच. यांनी तो गिरजाबाईच्या छत्रीच्या कामटीच्या मुळाशी बांधला, आणि दुसरं टोक ओढत आणून आमच्या बंडीच्या चाकाला बांधलं. तिच्या तीन दोऱ्या होत्या, आता चार झाल्या. चाकापाशी बसून यांनी गाठ मारली, पायानं दाबून आवळली, पुन्हा वर उठून दोर हलवून पाहिला. मग तिच्याशी काहीतरी हळू बोलले. तिनं मान डोलावली आणि माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं मला झोंबलं. मला वाटलं, दोघं माझ्याविषयी बोलली. आणि ती दोरी तर डोळ्यांत खुपायला लागली. माझ्या सासऱ्यांची बंडी, माझ्या लग्नाची वरात जिच्यातून आली ती बंडी, आणि तिच्या चाकाला दुसऱ्या बाईची छत्री बांधलेली. सकाळभर मी मीठ मोजत होते आणि त्या दोरीकडे बघत होते. हात मापात, जीव चाकात.

दुपार झाली. मीठ पाण्यासारखं खपत होतं. चैतू आला, पुडा बांधता बांधता त्यानं नाक वर करून हवा हुंगली. "आज येते," म्हणाला. "जोरात येते. मी जातो घरी." एवढं बोलून तो हात चाटायलाही थांबला नाही.

हे बैलांना पाणी दाखवायला नाल्यावर गेलेले. गिरजाबाईपुढे पाच-सहा बायांचा घोळका, ती मान खाली घालून माळा ओवत होती. मी उठले. बंडीतून काहीतरी काढायचं आहे असं दाखवून चाकापाशी बसले. गाठ सहज सुटली नाही, नखं दुखली. सुटल्यावर मी दोर चाकाभोवती एक वेढा देऊन तसाच ठेवला, म्हणजे लांबून बांधलेला दिसावा. तिची छत्री उडावी असं मला वाटलं होतं का? मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. नव्हतं वाटलं. छत्रीला तीन दोऱ्या होत्याच, आजवर तीनच तर होत्या. तिचं काही माझ्या बंडीला बांधलेलं असू नये, एवढंच मला हवं होतं. परत येऊन बसले तेव्हा फार बरं वाटत होतं.

तासाभरात तो आला. आधी सगळं थांबलं. पानं, माश्या, माणसांचा गलका सुद्धा. मग पश्चिमेकडून तो तांबडा लोट. मी सवयीनं यांच्याकडे पाहिलं. हे नाल्यावरून परत येऊन मापाजवळ बसले होते. उठले. आणि पलीकडे न जाता माझ्याकडे आले.

माझा विश्वास बसला नाही. यांनी आमच्या छत्रीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. मी दांड्याच्या या बाजूला, हे त्या बाजूला. पोती रिकामी, लोळागोळा झालेली. दोऱ्या त्यांना घेऊन फडफडत होत्या. तोंडात धूळ, डोळ्यांत धूळ. यांचे हात माझ्या हातांवर होते. यांचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता. हे ओरडून म्हणाले, "सोडू नोको." मी त्या वाऱ्यात हसत होते. आयुष्यात इतकी सुखी मी फार थोड्या वेळा झाले असेन. मनात म्हटलं, दिसलं का गिरजाबाई?

मग बांबू तडकल्याचा आवाज आला.

त्या दिवसाचा वारा तीन दोऱ्यांचा नव्हता. आधी चिंचेच्या मुळीची दोरी तुटली, मग दगड फरफटत आले. निळी छत्री उचलली गेली, तिच्या दांड्याला गिरजाबाई एकटी लोंबकळलेली. आमच्या बंडीच्या चाकावरून तो नाडा साप सरकावा तसा सरकून मोकळा झाला. हे किंचाळून धावले, पण अंतर दोन ढांगांचं असलं तरी वाऱ्याला तेवढं पुष्कळ होतं. छत्री उलटी होऊन आपटली, दांडा तिच्या उजव्या मनगटावर. सारे मणी बाजारभर. त्यामागून पाऊस आला, आणि त्या पावसात जंगलातल्या बाया वाकून वाकून मणी वेचून तिच्या पदरात आणून टाकत होत्या. तिला पदर धरता येत नव्हता.

गावातल्या हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. कामट्या तिच्याच छत्रीच्या होत्या. हे तिच्यापुढे उकिडवे बसलेले, केसांतून पाणी गळत होतं. म्हणाले, "माही गाठ सुटली, बाई. माह्याच हातची गाठ."

गिरजाबाई पायाशी पडलेल्या नाड्याचं टोक बघत होती. मी शेजारी उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

तो पावसाळा. धानाच्या रोवणीला चिखलात वाकलेली माणसं गाणी म्हणत, आणि माझ्या तोंडून सूर निघेना. यांचा हातांवरचा भरवसा गेला होता. बैल बांधायचे, चार पावलं जायचे, परत येऊन गाठ पाहायचे. विहिरीचा दोर, गोठ्याचं दार, धानाच्या पेंढ्या, सगळं दोनदा. एकदा मी म्हटलं, "बांधलं ना एक डाव." हे म्हणाले, "बांधलं असं वाटते, पन सुटते." आणि स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले. त्या घडीला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर हे मला काय म्हणतील याची भीती होती. आणि त्याहून मोठी भीती ही, की कळल्यावर हे तिच्याकडे धावत जातील.

धान कापणीला आलं तेव्हा बाजार पुन्हा सुरू झाले. कुसुमटोल्याला आमच्या शेजारची जागा मोकळी. गिरजाबाईचा हात वाकडा बसला होता, सुई धरता येत नव्हती असं कळलं. मग एक दिवस सावलीला जायचं निमित्त काढून मी तिच्या घरी गेले.

ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती, डाव्या हातानं. मला पाहून सूप बाजूला केलं. "ये व कौसल्या. बस."

मी बसले. तीच म्हणाली, "गोविंदाभाऊ दोनदा येऊन गेले इथी. दोन्ही खेपा माफी मागून गेले. मले आयकवत नाई ते."

आता माझी लाज ऐका. समोर तिचा वाकडा हात, आणि माझ्या मनानं आधी काय धरलं? की हे दोनदा इथे आले आणि मला बोलले नाहीत.

"गाठ सुटली असती," ती सावकाश म्हणाली, "तं दोर झिजला असता, पीळ उसवला असता. मी पाह्यला दोर. कोरा होता. गाठ वाऱ्यानं नाई सुटली."

मी खाली बघितलं. म्हटलं, "मी सोडली."

"मालूम हाय मले."

"मंग त्यायले काऊन नाई सांगतलं तुमी?"

"मी काऊन सांगू? मी सांगतलं तं तुहं घर मोडन. तू सांगशीन तं नाई मोडनार." तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "मले काई देऊ नोको, माफी बी मांगू नोको. ती मले कामाची नाई. त्याले सांग. त्याचे हात चांगले हाय, ते त्याले वापस दे."

घरी आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हे अंगणात धानाच्या पेंढ्या बांधत बसले होते. एक पेंढी बांधायचे, ओढून पाहायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. मी समोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. की गाठ चांगली होती. की ती मी सोडली. की हेव्यानं सोडली.

यांचा हात पेंढीवर थांबला. मला वाटलं आता हात उगारतील. उगारला असता तर मला सोसलं असतं.

"कोनती दोरी?" यांनी विचारलं.

"बंडीची. चाकाची. चौथी."

यांच्या हातातलं धान खाली पडलं. "ती मी तिच्यासाठी नोती बांधली," हे म्हणाले. "शेवटचा बाजार होता. मीठ सारं खपनार, पोते रिकामे होनार, हे मले सकाळीच दिसत होतं. वावधान आलं तं आपली छत्री तुह्या एकटीच्यानं ठरली नसती. तुह्यापाशी उभं राहा लागनार होतं मले. म्हनून तिची छत्री बंडीले पक्की करून ठेवली होती. तिले सांगतलं होतं, आज मी येनार नाई, आज माह्या बायकोजवळ राह्यीन."

मी तिथेच पेंढ्यांवर बसले. शेवटी म्हटलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

यांनी माझ्याकडे खऱ्या नवलानं पाहिलं. "त्यात सांगाचं काय होतं?"

मग हे उठले, हात धुतले आणि सावलीच्या वाटेला लागले. मी त्यांना थांबवलं नाही. परत आले तेव्हा जेवले, आणि ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. दुसऱ्या दिवशी पेंढ्या एकदाच बांधल्या.

त्यानंतर आम्ही पंधरा-सोळा वर्षं बाजार केले. गिरजाबाई परत कधी दुकान मांडायला आली नाही. आपल्या अंगणातच डाव्या हातानं काहीबाही विकत राहिली. हे दर दिवाळीला तिच्या घरी धान पोचवत, मीच मोजून देत असे. वारा सुटला की हे न चुकता माझ्या छत्रीला येऊन हात देत, पाय रोवून, डोळे मिटून. शेजारी दुसरी छत्रीच नव्हती, तेव्हा दुसरीकडे जायचा प्रश्नही नव्हता. लोक म्हणत, जोडा कसा छान आहे. मला तेव्हाही हेवा वाटायचा आणि आजही वाटतो, तो त्या शेवटच्या बाजाराच्या सकाळी मिठापुढे तोंड फुगवून बसलेल्या पोरीचा. दोन छत्र्या समोर असताना यांनी माझी छत्री धरायची ठरवली, असं एकदाच झालं. त्या दिवशी ते बाजारात दोघांना माहीत होतं, यांना आणि गिरजाबाईला. मला नव्हतं.